खोलीचा ताबा

बेलीफाने सायकल भिंतीला टेकवली, पिशवीतून कोर्टाचा हुकूम काढला आणि अंगणात उभं राहून मोठ्याने वाचला. भाडेकरू मरियाबाईने अंगणापलीकडची खोली आजच्या आज रिकामी करून मालक मच्छिंद्र यांच्या ताब्यात द्यायची होती.

मच्छिंद्र खरं तर खुशीत असायला हवा होता. सात वर्षं तो या कागदाची वाट बघत होता. पण तो ओसरीवर खालमानेने सुपारी कातरत बसला होता आणि बेलीफाकडे बघतच नव्हता.

बेलीफ खोलीच्या दाराशी गेला. आतून शेपा-ओव्याच्या धुरीचा वास आला. बाजेखाली शेगडी होती आणि बाजेवर एक तरणी बाई तान्हं मूल कुशीत घेऊन निजली होती.

"ही कोण?"

"माझी सून, विजयमाला," मच्छिंद्रची बायको लंकाबाई म्हणाली. "पयलं बाळंतपन. माहेरी आलीया."

"माहेर कुठलं हिचं?"

"हेच की!"

बेलीफाने टोपी काढून डोकं खाजवलं.

त्या काळी नेवाशात भांडणंसुद्धा घरच्यासारखी चालत. लेकाच्या, कानिफनाथच्या लग्नाला खोली हवी म्हणून मच्छिंद्रने दावा लावला. मरियाबाई दवाखान्यात नर्स. नवरा गेलेला, पोटी मूल नाही. या वयात मी कुठं जाऊ, म्हणून तिनेही वकील दिला. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. हे दोघे चढले, आणि तेही एकाच एसटीने जाऊन. नगरच्या वाटेवर मरियाबाई भाकरीचं फडकं सोडी. मच्छिंद्र तोंड फिरवून खिडकीबाहेर बघे, पण ठेच्याला कधी नाही म्हणत नसे. तारखांवर तारखा पडल्या. कानिफनाथचं लग्न खोलीवाचूनच उरकलं. तरी मच्छिंद्रचा हट्ट काही सुटला नाही.

मग सुनेला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरीच झालं पाहिजे, यावर मच्छिंद्र अडून बसला. घराची रीत ती रीत. पण विजयमाला बिनआईबापाची, चुलत्याकडे वाढलेली. तो चुलताही बहात्तरच्या दुष्काळात घराला कुलूप लावून पोटामागे गेलेला. आता माहेर आणायचं कुठून?

"माझ्याकडं धाडा की," मरियाबाई अंगणापलीकडून म्हणाली. "मी होते तिची आई."

रीतही सांभाळली जात होती आणि नर्सही घरात मिळत होती. मच्छिंद्र हो म्हणाला. कोर्टाचा हुकूम नेमका आताच येईल, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. विजयमालाने ट्रंक भरली, सासूसासऱ्यांच्या पाया पडली आणि अंगण ओलांडून माहेरी गेली. लंकाबाईने रीतीप्रमाणे डोळ्यांना पदर लावला. शेजारणींची हसून हसून पुरेवाट झाली.

"मालक, खोलीतली समदी मानसं भाईर काढायचा हुकूम हाय," बेलीफ आता म्हणाला. "तुमची सून बी आली त्यात."

मरियाबाई बोचकं घेऊन बाहेर आली. "हरले ती मी हरले. मी जाते. पोरीला मात्र सव्वा महिना हलवू नका. वारं लागंल."

लंकाबाईने तिच्या हातातलं बोचकं ओढून घेतलं आणि नवऱ्याकडे वळली. "आई गेल्यावर माहेर ऱ्हातं व्हय? निसती खोली ऱ्हाती."

मच्छिंद्रचा अडकित्ता थांबला.

लंकाबाईचं स्वतःचं माहेर धरणाच्या पाण्यात गेलं होतं. फार मागे लागली म्हणून दिवाळीआधी तो तिला बघायला घेऊन गेला होता. काठावर उभी राहून ती बोट दाखवत होती. तिथं आमची चूल हुती. तिथं चिंच. तिथं आई माझी वाट बघत उभी ऱ्हायची. त्याच वाटेने तो बैलगाडी जुंपून किती वेळा तिला पोचवायला गेला होता. लांबूनच गाडी ओळखून सासू पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर यायची. किती चांगले दिवस होते ते! त्या दिवशी काठावरून त्याला नुसतं पाणी दिसत होतं. दिवाळीत आळीतल्या बाया माहेरी निघाल्या, तेव्हा लंकाबाई घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसली. मच्छिंद्रने अडकित्ता खाली ठेवला.

बेलीफाने कागदाची घडी केली. "बरं, बाळंतिणीला मी बी हात लावायचा न्हाई. सव्वा महिन्यानं माहेरपन सरंल. तवा येऊ का?"

"बाईचं माहेर कवा सरतं व्हय?" मच्छिंद्र उठला आणि अंगण ओलांडून मरियाबाईच्या दारासमोर जाऊन उभा राहिला. त्याने डोक्यावरची टोपी सारखी केली. "विहीनबाई, पाव्हन्यास्नी चा टाका."