हरणी कामाला गेली

पिक्चरमध्ये बंदुकीचा बार झाला आणि उज्वला मॅडम चटकन टीव्हीच्या पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या.

"मॅडम, दिसत नाय," मागच्या पोरी म्हणाल्या.

"काही बघण्यासारखं नाहीये तिथं. थांबा जरा."

सुरगाण्याच्या डोंगरातली आश्रमशाळा, रविवारची दुपार. वसतिगृहाच्या फरशीवर साठ पोरी मांडी घालून बसलेल्या. पिक्चर जुना, हातानं काढलेल्या चित्रांचा. जंगलातली पिल्लं लहानाची मोठी होतात, एवढीच गोष्ट. बोलणं सगळं इंग्रजी, म्हणून मॅडम बाजूला उभ्या राहून मराठीत सांगत होत्या. पिल्लांचा आहे म्हणजे हसण्याखिदळण्याचा असणार, असं समजून त्यांनी तो लावला होता. मध्येच पाडसाची आई मरते हे ठाऊक असतं, तर आजच्या दिवशी त्याला हातही लावला नसता.

कारण अकरा वाजता फोन आला होता. तिसरीतल्या सृष्टीची आई द्राक्षाच्या कामाला सायखेड्याकडं गेली होती. मजुरांची पिकअप उलटली, त्यात ती गेली. फोनवर सृष्टीचा मामा होता, यादव. "चारपर्यंत जीप घेऊन येतो," तो म्हणाला. "तवर पोरीला काय बोलू नका, मॅडम." खरं सांगायचं तर मॅडमना सुटल्यासारखंच वाटलं. आजचं मरण उद्यावर म्हणतात, यांना तर चार वाजेपर्यंतच ढकलायचं होतं.

आणि आता सृष्टी पहिल्याच रांगेत बसली होती. तिनंच विचारलं, "हरणी कुठं गेली, मॅडम?"

"कामाला गेली."

मॅडमच्या तोंडून निघूनच गेलं. निघायला वेळ तरी कशाला लागतो? तिकडं शहरात, इंदिरानगरला, त्यांची स्वतःची पाच वर्षांची मुलगी रोज सकाळी आजीला हेच विचारते आणि हेच ऐकते.

पोरींना ते पटलं. न पटायला काय झालं! दिवाळी झाली की त्यांच्यातल्या निम्म्यांच्या आया जीपमध्ये बसून कामाला जातात.

"एकटीच गेली का टोळीबरोबर?" एकीनं विचारलं.

"टोळीबरोबर," मॅडम म्हणाल्या. एकदा सुरुवात केली की खोट्याला तोटा नसतो.

सातवीतली चैताली मात्र मागून म्हणाली, "मेली ती, मॅडम. बार झाला ना आत्ता."

सृष्टीनं मान वळवली. "मॅडम सांगतात ना कामाला गेली म्हणून. तुला त्यांच्यापेक्षा जास्त कळतं का?"

हिनं माझी बाजू घ्यायला नको होती, असं मॅडमना वाटलं. साठ पोरींच्या गराड्यात त्यांना इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं.

पिक्चर पुढं गेला. पाडसाला शिंगं फुटली, सशाला बायको मिळाली, पोरी हसल्या. सृष्टी हसली नाही. ती प्रत्येक झाडामागं हरणी दिसते का बघत होती. पिक्चर संपून नावं वर सरकायला लागली तरी ती जागची उठेना.

"मुकादमानं सोडली नसंल तिला," ती शेजारणीला म्हणाली.

चारला जीप आली. मॅडम फाटकापर्यंत जवळजवळ पळतच गेल्या. यादव जीपला टेकून उभा होता. तो आत येईना.

"चला ना, दादा. तिला सांगा, मी बोलावते."

"तुमीच सांगा, मॅडम. मला नाय जमायचं." त्यानं रुमालानं तोंड पुसलं. "बहीण हाय ती माझी."

मॅडम तशाच मागं फिरल्या. पटांगण ओलांडताना त्या दोनदा थांबल्या.

सृष्टी वसतिगृहाच्या पायरीवर बसून घाईघाईनं केस विंचरत होती. कपड्यांची पिशवी भरून शेजारी ठेवलेली. जीप तिनं आधीच पाहिली होती.

"मामा आला, मॅडम. म्हणजे आई पण आली असंल घरी."

मॅडमनी मनाशी बरंच काही जुळवलं होतं. आई आजारी आहे म्हणावं. दवाखान्यात आहे म्हणावं. नाहीतर नुसतंच म्हणावं, घरी गेल्यावर कळेल. ते सगळ्यात सोपं होतं. तासाभराचा रस्ता, पुढं ज्याचं त्यानं बघावं. आणि पोरीला अंगणात पाऊल टाकल्या टाकल्या, चारचौघांत, कळलं असतं. तरी ते शब्द मॅडमच्या ओठांवर आलेच. पण सृष्टी त्यांच्याकडं बघत होती, मॅडम सांगतील ते खरं अशा भरवशानं. त्या भरवशाची मॅडमना लाज वाटली.

त्या तिच्या मागच्या पायरीवर बसल्या. तिच्या हातातला कंगवा घेतला आणि गुंता सोडवायला लागल्या. तिचं तोंड दिसत नव्हतं, म्हणूनच बोलता आलं.

"सृष्टी, हरणीचं मी खोटं सांगितलं गं तुला. चैताली खरं बोलत होती."

सृष्टी फाटकाकडं, मामाकडं बघत राहिली. मामानं तोंड फिरवलं.

तिनं विचारलं, "मग पाडस कुणापाशी राहिलं?"