जेवणाआधीची प्रार्थना

"पास्टर, प्रार्थना तुम्हीच करायची," मी भाकरी वाढत म्हणाले. पास्टर आढाव मान वर करेनात. ज्यांच्या सभेला मैदान पुरायचं नाही, त्यांना आता कुणी पाणीही विचारत नव्हतं.

"विश्वास ठेवा, औषधं सोडा!" असं ते स्टेजवरून गरजायचे आणि माणसं समोरच्या टोपलीत औषधं टाकायची. आमच्या ह्यांनीही इन्सुलिन टाकलं. पुढे शुगर वाढून ह्यांच्या पायाचा अंगठा काळा पडला, तरी माझं ऐकेनात. मग एके दिवशी मोबाइलवर तो व्हिडिओ आला. गाडीत बसून पास्टर स्वतःच्या पोटात इन्सुलिन टोचून घेत होते. चॅनेलवाल्यांनी त्यांची लक्तरं वेशीवर टांगली. ह्यांनी मात्र फोन ठेवला आणि म्हणाले, "चल दवाखान्यात."

"राग आहेच माझा," मी पास्टरांना म्हणाले. "पण तुमचा व्हिडिओ आला म्हणून माझा माणूस वाचला. त्याबद्दल देवाचे आभार माना."

पास्टरांनी खिशातून इन्सुलिनचं पेन काढलं आणि सवयीने उठून मोरीकडे निघाले. ह्यांनी हात धरून त्यांना खाली बसवलं आणि आपलंही पेन ताटाशेजारी ठेवलं. दोघांनी सदरे वर केले, सुया टोचून घेतल्या.

मग पास्टरांनी डोळे मिटले. "प्रभो, या अन्नाबद्दल..." ते अडखळले. "आणि या औषधाबद्दल तुझे आभार."

सगळ्यात मोठ्याने आमेन म्हणाले ते आमचे हे.