पाहुणे नाला बघायला येतात

नाल्यात एकही पिशवी नव्हती.

उत्कर्षा पुलावरून खाली बघतच राहिली. तिनं नाल्यात आडवी बांधलेली जाळी कालपर्यंत दुधाच्या पिशव्यांनी आणि गुटख्याच्या पुड्यांनी फुगलेली होती. आज तिच्यातून पाणी सरळ वाहत होतं. दोन्ही काठांवर चुन्याची पांढरी रेघ होती, एखादा मंत्री येणार असल्यासारखी. शेजारी उभ्या असलेल्या ओजसनं फोटोसाठी मोबाईल वर केला आणि तसाच खाली घेतला.

ओजस मुंबईहून आला होता. समुद्रात जाणारं प्लास्टिक वाटेतच अडवणाऱ्या छोट्या स्टार्टअपना हात देणाऱ्या एका संस्थेचा तो माणूस. सोलापुरात कुठला आलाय समुद्र, असं म्हणून आजवर सगळ्यांनी उत्कर्षाला वाटेला लावलं होतं. ती प्रत्येकाला तेच सांगायची. हा नाला सीनेला मिळतो, सीना भीमेला, भीमा कृष्णेला आणि कृष्णा समुद्राला. सांगून सांगून तिच्या तोंडाला कोरड पडली होती. ओजसच्या संस्थेनं पहिल्यांदाच नीट ऐकून घेतलं. आता तो डोळ्यांनी बघणार आणि हो किंवा नाही सांगणार. नाही म्हणाला, तर नाल्यातल्या प्लास्टिकचे गठ्ठे बांधायच्या तिच्या शेडला महिनाअखेरीला कुलूप लागणार होतं आणि तिथल्या बायका पुन्हा उकिरडे धुंडाळत फिरणार होत्या.

"इथे अडचण काय आहे, मॅडम?" ओजसनं विचारलं. त्यात खोच नव्हती. तो खरंच विचारत होता.

"तुम्ही येणार म्हणून बायकांनी साफ केलं असणार," उत्कर्षा म्हणाली. तिचं तिलाच ते खोटं वाटलं.

खरं तर चूक तिचीच. काल घरी जाता जाता ती बायकांना म्हणाली होती, उद्या पाहुणे आपला नाला बघायला येणार आहेत. आता पाहुणे बघायला येणार म्हटल्यावर कुठली बाई घर तसंच ठेवील? बायका तांबडं फुटायच्या आत नाल्यात उतरल्या होत्या. नाला स्वच्छ ठेवा म्हणून उत्कर्षानं सगळ्या वस्तीपुढं हात जोडले, तेव्हा कुणी ढुंकून बघितलं नव्हतं. नाला स्वच्छ झाला तो नेमका आज. हसावं की रडावं!

शेडमध्ये तर कहरच होता. जमीन धुतलेली, दारात रांगोळी, उदबत्तीचा वास. दाबून बांधलेले प्लास्टिकचे गठ्ठे ज्या कोपऱ्यात असायचे, तो कोपरा रिकामा. भिंतीलगत नव्याकोऱ्या चादरी अंथरून लांबलचक बैठक केलेली. मायाक्का डोईवर पदर घेऊन सामोरी आली. शेडमधली ही सगळ्यांत थोरली बाई. आधी मेंढरं राखायची. पोटात पिशव्या साठून मेंढरं मेली, तशी ती इथं आली.

तिनं ओजसला बैठकीवर बसवलं. बैठक जरा उंच होती, त्याचे पाय अधांतरी राहिले. उत्कर्षाही शेजारी टेकली. उन्हातून आल्यावर तिच्या अंगात त्राणच उरलं नव्हतं. ओजसपुढं ताट आलं. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही.

"मायाक्का, गठ्ठे कुठं आहेत?" उत्कर्षानं हळूच विचारलं.

"ताई, पाव्हणं ताटावर हायती. मागनं सांगते की."

"अहो, आत्ताच सांगा."

मायाक्कानं नुसती मान हलवली. जेवत्या माणसापुढं घाणीचं नाव काढायचं नसतं, एवढंही या शिकलेल्या पोरीला कळू नये, असं तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं. उत्कर्षाच्या मनात नको नको ते आलं. भंगारवाल्याला देऊन टाकले? की नाल्यातच पुढं लोटून दिले?

ओजसनं हात धुतले. "मॅडम, मीही आता दमलोय हो. वेबसाईट चकाचक आणि जागेवर काहीच नाही, असे कितीतरी बघितले. तुम्ही खऱ्या असालही. पण डोळ्यांनी न बघितलेलं मी लिहू शकत नाही."

"असू दे," उत्कर्षा म्हणाली. तिला वाद घालायचा नव्हता. ती इतकी थकली होती, की रडूसुद्धा आलं नाही.

आलेला माणूस मोकळ्या हातानं कसा पाठवायचा? मायाक्कानं ओजसच्या खांद्यावर टॉवेल टाकला, डोक्यावर टोपी घातली. तो तसाच उंबऱ्यापाशी पोचला, तोच शेजारची अक्कम्मा धापा टाकत आत शिरली.

"मायाक्का, माज्या चादरी दे की गं! पोरीला बघायला मान्सं येऊन बसल्यात. त्यास्नी काय फरशीवर बसवू?"

आणि कुणी काही म्हणायच्या आत तिनं बैठकीवरच्या चादरी खस्सकन ओढल्या.

खाली गठ्ठे होते. दुधाच्या पिशव्या, पुड्या, वेफर्सची पाकिटं, सुतळीनं आवळून भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रचलेली. एका गठ्ठ्यावर ओजस बसला होता तेवढा खळगा अजून तसाच होता.

ओजस वळला. त्यानं खिशातून मोबाईल काढला.

मायाक्का धावत मधे आली आणि दोन्ही हात पसरून गठ्ठ्यांपुढं उभी राहिली. तिचा चेहरा शरमेनं काळवंडला होता.

"साहेब, पाया पडते, तिकडं बगू नगा," ती म्हणाली. "घाण हाय."