राखलेल्या झाडाची चिंधी

"आत्याबाई, झाडाची चिंधी तुमच्या हातात कशी?" वैजयंतीचा आवाज चिरकला. कोंडाबाई सुनेकडे बघून हसली. "तुला दिस गेलं न्हवं? नवस फिटला, म्याच सोडली." तो नवस नव्हताच. मढच्या उजाड डोंगरावर हिरड्याचं रान पुन्हा उभं करायचं गावाने ठरवलं, त्या सभेला म्हातारी नव्हती. बियांसाठी एकच झाड राखलं होतं. त्याचा कोवळा हिरडा कुणी झोडू नये म्हणून वैजयंतीने शाळेच्या पोरांसमोर स्वतःच्या साडीची चिंधी बांधली होती. ती पोट सांभाळत चढ चढली, सासू मागोमाग. झाडाखाली पल्याडच्या गावच्या बायका झोडलेल्या हिरड्याची पोती शिवत होत्या. "चिंधीचं झाड सोडा म्हणालात, ताई. चिंधीच दिसली न्हाई," त्यातली एक म्हणाली. वैजयंती फांदीन् फांदी बघत राहिली. कोंडाबाईने चिंधी पुन्हा बांधली. "आता ह्यो नवस माझा. शेंड्याला बियापुरता मूठभर हिरडा तरी ऱ्हाऊ दे."