लोकरीचा आकार

गणितज्ञ सुनेचा सहा वर्षं एकच दावा होता: तिच्या सूत्रातून वाढत जाणाऱ्या आकाराचं तोंड शेवटी मिटतंच. सिद्धताच हुलकावणी देत होती. तो आकार डोळ्यांनी तरी पाहावा म्हणून तिने सासूबाईंना टाक्यांची कृती लिहून दिली. त्यांनी लोकरीत विणला, तर तोंड उघडंच! "आई, कुठेतरी टाका चुकला असेल." ओठ आवळून सासूबाईंनी अख्खा आकार उसवला, पुन्हा विणला. तीनदा. चौथ्यांदा त्यांनी तो तिच्या वहीवर आपटला. "चाळीस वर्षं विणतेय मी. तुझं गणित बघ आधी." सुनेने एकेक टाका मोजला. सगळे बरोबर. ती हसतच सुटली. तोंड मिटणारच नव्हतं. महिन्याभरात तिने तेच सिद्ध केलं. पुरस्काराच्या मंचावर तिने पदकाऐवजी लोकरीचा आकार उंच धरला. पहिल्या रांगेतल्या सासूबाई शेजारच्या प्राध्यापकांकडे वळल्या. "आणि मला म्हणे, टाका चुकला!"