बिनटॅक्सचा पगार

"अब्बा, कतारमध्ये टॅक्स नाही, मग तुमच्यासारखा अम्मीचाही पगार अख्खा हातात पडणार ना?" अब्बांना तिथे नवी नोकरी लागली होती, आणि 'विचारून दाखवच' असं मैत्रिणींनी फिजाला डिवचलं होतं. तिने सकाळी भर नाश्त्यावर विचारलंच.

अब्बा हसले. "अम्मी माझ्या व्हिसावर येतेय, बेटा. वेगळ्या परवान्याशिवाय तिला तिथे नोकरी करता येत नाही, आणि तो कशाला काढायचा? तिच्या हेडमास्तरांना मी कालच सांगून टाकलंय, दुसरी बाई बघा म्हणून."

फिजाच्या जन्माआधीपासून पनवेलच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या अम्मीचा घास हातातच राहिला. तिलाही हे आत्ताच कळत होतं.

फिजाच्या डोक्यात तिडीक गेली.


"अब्बा, तुम्ही खुशाल जा. अम्मी, ऊठ, शाळेला उशीर होतोय. आपण दोघी इथेच राहतोय!"