चौथा चमचा

दादाने शेकरमध्ये चौथा चमचा टाकला आणि त्याच्या धाकट्या बहिणीने, टाचणीने, ओठ चावून हसू दाबलं.

वजन उचलण्याच्या निवड चाचणीला अर्धा तास उरला होता. जिमच्या मधोमध जागा मोकळी केली होती आणि भिंतीशी तीन पंच खुर्च्या टाकून बसले होते. दादाने शेकर खळखळवला, एका दमात घशाखाली ओतला आणि ताकदीच्या पुडीचा काळा डबा बॅगेत कोंबला. डब्यावर वाघ डरकाळी फोडत होता. फोड बाबा फोड, टाचणी मनात म्हणाली, पोटात तर सरबत आहे तुझ्या!

तीन आठवड्यांपूर्वी तिनेच त्या वाघाची शेळी केली होती. त्या संध्याकाळी वाघाची पूड घेऊन, तीही एकच चमचा, व्यायाम करून आलेला दादा बाथरूमच्या फरशीवर बसला तो उठेचना. तिने त्याच्या छातीवर हात ठेवला, तर आत पोत्यात बेडूक कोंडल्यासारखं काहीतरी उड्या मारत होतं. डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं, "तुझ्या हृदयाला हे झेपत नाही. पुन्हा घेतलंस तर बाथरूमपर्यंतसुद्धा पोचणार नाहीस." दवाखान्याची पायरी उतरता उतरता दादा म्हणाला, "त्यांनी आयुष्यात रक्तदाबाच्या मशीनशिवाय काही उचललंय का? आणि टाचणे, आईला बोललीस तर बघ!"

टाचणी आईला बोलली नाही. दादा आंघोळीला गेल्यावर तिने सगळी पूड बेसिनमध्ये ओतली आणि डबा सरबताच्या केशरी पुडीने भरला. आंबटपणाला चिमूटभर लिंबूसत्त्व. रंग तोच, वास जवळजवळ तोच. दादाला पत्ता नाही!

आणि गंमत म्हणजे, सहा महिने एकशे साठ किलोवर हटून बसलेला दादा पासष्टवर गेला, मग सत्तरवर. जाणारच. आता तो छताकडे बघत रात्र काढत नव्हता, मस्त घोरत होता. तक्रार मात्र चालूच. "हे हल्ली चढतच नाही गं. पूर्वीसारख्या अंगभर मुंग्या नाहीत, काही नाही. अंगाला सवय झाली वाटतं." म्हणून एकाचे दोन चमचे झाले, दोनाचे तीन, तिनाचे चार. टाचणीने हूं की चूं केलं नाही. चार चमचे सरबताने होऊन होऊन काय होणार? दात किडतील.

आज चाचणी संपली की सगळ्यांसमोर सांगून टाकायचं, असं तिने ठरवलं होतं. वाक्यसुद्धा पाठ केलं होतं.

पहिली उचल, एकशे सत्तर. बार जमिनीवरून उठला तो जणू पोकळ असल्यासारखा. दादा मान खाजवत परत आला. कान लालबुंद. "मुंग्या येतायत, टाचणे! आज जबरदस्त चढलंय."

सरबताच्या मुंग्या! टाचणीला हसून हसून ठसका लागला.

दुसरी, एकशे ऐंशी. तीही गेली. टाळ्या पडल्या, पण दादाने वर पाहिलंच नाही. तो बाकावर बसला आणि त्याचे गुडघे आपले आपण हलत राहिले. हनुवटीवरून घाम ठिबकत होता. पाण्याच्या बाटलीचं झाकण त्याच्या बोटांना सापडेना. तोंड मात्र सुसाट सुटलं होतं.

"एकशे नव्वद लावायला सांगितलंय, जाईल, नक्की जाईल, बघच तू, एसी बंद आहे का गं, केवढं उकडतंय."

"अरे हळू बोल, मागे कुत्रं लागलंय का?" ती म्हणाली. एसी तर चालू होता. तिला स्वेटर घालावासा वाटत होता.

घाबरलाय बिचारा, तिला वाटलं. एवढा धिप्पाड, पण स्वतःवर काडीचा विश्वास नाही. मग चाचणी संपेपर्यंत थांबायचं कशाला? खरं तर आत्ताच हवंय त्याला ते वाक्य. ती त्याच्यासमोर उकिडवी बसली.

"दादा, ऐक. तीन आठवडे तुझ्या डब्यात नुसतं सरबत होतं. मी भरलं होतं. ही सगळी ताकद तुझी आहे, तुझी स्वतःची. तुला कशाची म्हणून गरज नाही."

पंचांनी त्याचं नाव पुकारलं. दादा खांबाला धरून उठला. त्याने दोनदा डोळे मिचकावले, जणू ती कुठे बसलीय ते नीट दिसत नव्हतं. मग तो खो खो हसला.

"तरीच! मी कोचना म्हटलंच होतं, ह्या डब्यात दम नाही. तो कालच फेकला, वेडे." तो बारकडे निघाला. "आज सकाळी नवा फोडला."